खाडे

एकेचाळीस पोरं जेवतात माझ्याकडे,
नव्या पेठेत, शास्त्री रस्त्याच्या आतल्या बोळात.
निम्मी कलेक्टर व्हायला आलीत,
उरलेली तलाठ्यावरही राजी आहेत.

कोण गावाला गेलं, कुणाचे किती खाडे,
महिन्याचे बत्तीसशे, त्यातून वजा किती,
वहीत मांडून मांडून डोळे गेले.
म्हणून भाच्याच्या जुन्या लॅपटॉपवर,
ज्याचं स्पेसचं बटण दोनदा दाबावं लागतं,
रात्री ओटा पुसून झाल्यावर
शिकायला बसले.

पहिल्यांदा बरोबर आकडा आला
तेव्हा साडेअकरा वाजले होते
आणि सकाळची मटकी भिजत घालायची राहिली होती.

एकशे सत्तर ओळी.
प्रत्येक पोराला वेगळा 'इफ',
जसं प्रत्येकाला वेगळं ताट.
मला तेवढंच येत होतं.
फेब्रुवारीचेही तो तीस दिवस धरायचा,
तेव्हा म्हटलं, आता कुणाला तरी विचारायला हवं.

तौसिफ बागवान, बार्शीचा.
दोनदा पूर्व परीक्षेत गेला, मग खराडीला नोकरीत शिरला.
रविवारी दुपारी अजून येतो, ज्वारीच्या भाकरीसाठी.
त्याच्यापुढे लॅपटॉप उघडताना
न निवडलेली मेथी पाहुण्याला दिसावी
तशी लाज वाटली मला.

आधी हात धू, म्हटलं.

धुऊन आला. सगळं वाचलं, वरपासून खालपर्यंत.
हसला नाही. हे मी लक्षात ठेवलंय.
म्हणाला, काकू, एकच काम तुम्ही
एकेचाळीस वेळा सांगितलंय.
म्हटलं, जन्मभर दुसरं काय केलं?

नावांची यादी करा, म्हणाला,
आणि तिच्यावरून एकदाच फिरा.
स्वतः लिहून दिलं नाही त्याने,
लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.
चार जागा सोडून ओळ, तिच्या पोटात आणखी चार.
लाल अक्षरं आली. कोलन विसरले होते.
पुन्हा लाल. कंस.
मग चाललं.
एकोणीस ओळी!
फेब्रुवारी अठ्ठावीसचा.
मला उगीच ओटा मोठा झाल्यासारखं वाटलं.

बाकीची यादी खाली सरकत होती.
सव्विसाव्या नंबरला:
दिगंबर वाघमोडे, नऊ हजार सहाशे.

हे नाव या यादीत मी कधी पाहिलंच नव्हतं.

जुन्यात, एकशे आठव्या ओळीत,
मीच लिहिलं होतं, दिगंबर असेल तर शून्य.
लिहिताना थांबलेही नव्हते,
पळी जराशी जास्त कलते तसं.
दिवाळीपासून त्याचे पैसे येत नाहीत.
का, ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
बुधवारी पोळ्या लाटायला येतो.
वाईट लाटतो.

तौसिफ म्हणाला, सोपं आहे,
त्याचे सगळे दिवस खाडे मांडा,
आपोआप शून्य येईल.

रोज दोन वेळा जेवतो तो, मी म्हटलं.
जेवला नाही असं कसं लिहू?

मग जुन्यासारखा एक 'इफ' टाकू दे, म्हटलं.
तर म्हणे, लूपमध्ये माणसाचं नाव घालू नये, काकू,
उद्या आणखी कोणी निघाला तर?

निघेलच, मी म्हटलं.

तो गप्प झाला.
मग यादीत नवा रकाना काढला,
प्रत्येकापुढे एक जागा, शून्य किंवा एक.
एक असेल त्याची बाकी दाखवायची नाही.
आणि रकान्याला नाव काय द्यायचं
यावर आमची पाऊण तास गेली.
सवलत नको, पोरं मागून डोकावतात.
माफ नको, त्याने गुन्हा केलेला नाही.
उधार तर नकोच.
चहा दोनदा झाला.
शेवटी 'नंतर' लिहिलं.
तौसिफ म्हणाला, बरं आहे.

तो गेल्यावर एकटीच बसून
दिगंबरपुढे एक लिहिला,
बाकीच्यांपुढे शून्य, शून्य, शून्य.
दोन नावांपाशी बोट थांबलं.

आज मात्र मटकी आठवणीने भिजत घातली.